हौसाबाईंचा तळहात आणि मोरांचा आरसा

हौसाबाईंचं नाव सगळ्यांत आधी लिहिते. पुढं काय काय झालं ते सांगायच्या नादात ते मागं पडायला नको. माझा स्वभावच तसा आहे, भलत्याच काळज्यांत गुंतते आणि मूळ गोष्ट राहून जाते. हौसाबाई साताऱ्यात आमच्या मावशीच्या घरापासून तिसऱ्या दारात राहायच्या आणि लग्नसराईत बाशिंगं करायच्या. नात्यानं माझ्या कुणी नव्हत्या. हौसाआत्या म्हणायची ते आपलं तोंडाला आलं म्हणून. मी साताऱ्यात टिकले, हाताला काम शिकले, चार बायकांत मान वर करून बोलायला लागले, ते सगळं त्यांच्या उजव्या तळहातामुळं. हे वाचायला विचित्र वाटेल. पण ते अक्षरशः तसंच आहे, तळहातामुळंच.

माझी शाळा आठवीत सुटली. आमचं गाव आटपाडीपासून आत, माळावर. वडील मेंढरं घेऊन सहा-सहा महिने बाहेर, आई रोजानं खुरपायला, धाकटी तीन भावंडं माझ्या काखेत. शाळेत जायची मी कधी थांबले ते गुरुजींच्याही लक्षात आलं नसावं. भावंडं जरा हाताशी आली तशी आईनं मला साताऱ्याच्या कमलमावशीकडं पाठवलं. मावशी आईची चुलत बहीण, शिकलेल्या घरात दिलेली. "हिला काहीतरी हातात कला दे," असा आईचा निरोप होता. निरोपाचा दुसरा भाग मला ठाऊक होता. नाहीच जमलं तर गावात माझ्यासाठी एक स्थळ तयार होतं. मुलगा कसा होता मला माहीत नव्हतं, त्याची मेंढरं तेवढी मी ओळखत होते. परत जायची वेळ येऊ नये म्हणून मी मावशीच्या घरात इतकी जपून वागायची की पाणी पितानासुद्धा घोट वाजू नये याची काळजी घ्यायची.

मावशीचं घर दोन खोल्या आणि पुढची पडवी एवढंच. काका वर्कशॉपमध्ये फिटर होते, कमी बोलायचे. सकाळी शेजारच्या गिरणीचा पट्टा सुरू झाला की आमच्या भिंतीवरची भांडी बारीक थरथरायची, आणि त्या थरथरीवर मावशी चहाची वेळ ओळखायची. जेवायला गव्हाची चपाती असायची. मला भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटायचं नाही, पण बोलायची सोय नव्हती. एकदा मावशीनंच विचारलं, "काय गं, तुमच्याकडं हुलग्याचं माडगं करतात ना? कर की." मी केलं. काका तीन वाट्या प्याले आणि म्हणाले, "हं." मला इतका आनंद झाला की मी चुलीपुढंच रडले. अजूनही कुणी माझ्या हातचं खाऊन "हं" म्हणालं की मला पुरतं.

मावशीनं पार्लरचा कोर्स केला होता आणि तिला पडवीत ब्यूटी पार्लर काढायचं होतं. त्या काळी साताऱ्यात पेठेपेठेत असं एखादं घरगुती पार्लर निघत होतं, पडदा लावायचा, पंखा लावायचा आणि 'फक्त महिलांसाठी' असं रंगवून घ्यायचं. पडदा झाला, पंखा झाला, पाटीही झाली. राहिले आरसे. नवे आरसे परवडणारे नव्हते. मग मावशीनं नातेवाइकांकडं शब्द टाकला आणि महिन्याभरात तीन आरसे गोळा झाले. पहिला कुणाच्या तरी मोडक्या कपाटाच्या दारातला, उभा. दुसरा बंद पडलेल्या सलूनमधला, आडवा, आणि त्यावर वर लाल रंगात लिहिलेलं, 'येथे राजकारणावर चर्चा करू नये'. तिसरा लग्नात भेट आलेला, लाकडी चौकटीचा, दोन्ही बाजूंना मोर कोरलेले. तिन्हींचा पारा उडालेला. कुठं काळे डाग, कुठं गंज चढल्यासारखं, कुठं चक्क आरपार काच.

उडालेला पाराही प्रत्येकाचा वेगळ्या जागी. कपाटाच्या आरशात कपाळ आणि डोळे स्वच्छ दिसायचे, खाली काळोख. सलूनच्या आरशात ओठ, हनुवटी आणि गळा. मोरांच्या आरशात दोन्ही कान उत्तम, मधे तोंड नाहीच. मावशीनं त्यातूनही मार्ग काढला. तीन स्टुलं मांडली आणि माझ्यावर रंगीत तालीम घेतली. "भुवया करताना इथं बस. आता उठ. वरचा ओठ करायचा तर तिकडं. कानातलं बघायचं तर मोराकडं." मी स्टुलावरून स्टुलावर फिरत राहिले. काका दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "गिऱ्हाईक दमंल गं." एवढं त्यांचं वर्षभराचं सर्वांत मोठं वाक्य. ते स्वतः रोज सकाळी सलूनच्या आरशापुढं दाढी करायचे. मला तर वाटतं, वरची सूचना वाचूनच ते इतके गप्प असायचे.

आम्ही सगळे घरगुती उपाय केले. राखेनं घासले, लिंबानं घासले, ओल्या वर्तमानपत्रानं पुसले. काच झळझळीत झाली, काळे डाग त्याहून झळझळीत. आणि मग माझ्या डोक्यात ते आलं. आमच्या गावी वर्षाला एकदा कल्हईवाला यायचा. काळीठिक्कर पातेली तो भट्टीवर धरायचा, नवसागर टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा, कापसाच्या बोळ्यानं एक हात मारला की आतून पातेलं आरशासारखं लखलखीत. आरशासारखं! मग आरसा का होणार नाही? मी मावशीला म्हटलं. मावशीच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की मला वाटलं, आता आटपाडीची गाडी कायमची चुकली.

कल्हईवाला पेठेच्या टोकाला बसायचा. त्यानं कपाटाचा आरसा उलटसुलट करून बघितला. "बाई, ही काच हाय. हिला कल्हई व्हत न्हाई."

"माहितीये," मावशी म्हणाली. "तुम्ही स्टीलला करता का?"

"न्हाई."

"मग काचेला कधी करून बघितलंय?"

"तेबी न्हाई."

"मग होत नाही असं कसं म्हणता?"

मला वाटतं त्यालाही ते बघायचंच होतं. त्यानं भाता मारला, आरसा चिमट्यात धरून निखाऱ्यावर असा अलगद नेला, जसा पापड भाजतात. नवसागराचा पांढरा धूर निघाला. आम्ही तिघं त्या धुरात वाकून बघत होतो. 'टच्च' असा आवाज झाला. मग 'टच्च टच्च'. कल्हईवाल्यानं चिमट्यात उरलेला त्रिकोणी तुकडा बघितला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "एवढ्याला मात्र जरा धरलीय."

घरी आल्यावर मावशी ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पडवीत राहिलेल्या दोन आरशांकडं बघितलं आणि म्हणाली, "सुले, आता डोळे दिसायची सोय नाही आपल्याकडं." आणि थोड्या वेळानं, "आता आणखी एक जरी आरसा तुझ्या डोक्यातून फुटला ना, तर तू आणि तुझी पिशवी आटपाडीच्या गाडीत." मी फुटक्या काचा सुपात भरून मागच्या बोळात टाकायला नेल्या आणि तिथंच बसून रडायला लागले.

तिथं हौसाबाईंनी मला धरलं. त्या आपल्या मागच्या दारात बाशिंगं चिकटवत बसल्या होत्या, भोवती रंगीत कागद, मणी, आणि रुपेरी-सोनेरी बेगडाच्या गुंडाळ्या. चाळिशीच्या असतील तेव्हा. काठाचं जुनं लुगडं, तोंडात सुपारी, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता हातातल्या कामाकडं बघायची सवय.

"कुणी मेलं का?"

"न्हाई आत्या."

"मग नाक फुस आन् हिकडं ये. काच हाय व्हय ती? कापशील."

मी सगळं सांगितलं. कल्हईपर्यंत आले तेव्हा त्यांच्या हातातलं काम थांबलं. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "आरशाला कल्हई?" त्यांचं पोट हलायला लागलं, मग खांदे, मग मांडीवरचं बाशिंग. हसून हसून त्यांना ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "आगं येडे, त्याच्या पाठीमागं चकाकतं कायतरी पायजे, येवढंच की. हे काय हाय मग?" आणि त्यांनी रुपेरी बेगडाचा एक तुकडा माझ्या हातातल्या काचेमागं धरला. त्या काचेत मला माझा डोळा दिसला, रडून लाल झालेला, पण अख्खा.

पुढचे आठ दिवस दुपारी मावशी झोपली की मी आरसे उलटे करून हौसाबाईंपाशी शिकत बसायची. उडालेला पारा ब्लेडनं खरवडायचा, काच ओल्या फडक्यानं पुसायची, बेगड बाटलीनं लाटून सपाट करायचं, मग पिठाची खळ लावून हलक्या हातानं बसवायचं. "खळ फकस्त कडंला लाव," त्या सांगायच्या. "मधी लावलीस तर आरसा न्हाई व्हायचा, पापड व्हईल." सलूनचा आरसा झाला. 'येथे राजकारणावर' या शब्दांच्या खाली पहिल्यांदाच एक पूर्ण तोंड दिसायला लागलं. मोरांच्या आरशाच्या वेळी मात्र रुपेरी बेगड संपलं. लग्नसराई तोंडावर, दुकानातही नव्हतं. सोनेरी होतं. मधल्या भागाला, म्हणजे बरोबर जिथं माणसाचं तोंड येतं तिथं, आम्ही सोनेरी बेगड लावलं. चौकटीची मागची फळी वाळवीनं खाल्ली होती, म्हणून मागं नुसतं जुन्या परकराचं फडकं शिवून टाकलं.

मी भीतभीत तो आरसा पडवीत टांगला. मावशी समोर उभी राहिली. कान पांढरे, आणि मधे तोंड हळद उतरल्यासारखं, पिवळं, तेजस्वी, कपाळावर दिवा लावल्यासारखं. ती डावीकडून बघायला लागली, उजवीकडून बघायला लागली. "अगंबाई," ती म्हणाली. आणि मग धंद्याचं डोकं जागं झालं तसं हळूच म्हणाली, "फेशियल झाल्यासारखं दिसतंय गं."

त्या दिवसापासून आमच्या पार्लरची पद्धत ठरली. आलेली बाई आधी सलूनच्या आरशापुढं बसायची. मग मावशी तिच्या तोंडाला मुलतानी माती फासायची, पुसायची, आणि शेवटी दोन्ही खांद्यांना धरून तिला मोरांच्या आरशापुढं उभी करायची. बाई स्वतःला बघून पुन्हा पुन्हा गालांवरून हात फिरवायची. एकदा एक प्राध्यापिकाबाई तर "थँक्यू" म्हणून मावशीच्या पायाच पडायला निघाल्या. ही फसवणूक आहे असं मला वाटायचं, आणि ती पकडली जाणार याची खात्री होती. मी हौसाबाईंना म्हटलं तर म्हणाल्या, "नवरदेवाच्या डोक्याव सोनं असतंय व्हय? बेगडच की. त्याला कोण इचारतंय?" आता माझं स्वतःचं पार्लर आहे, छताला सोळा पांढरे दिवे आहेत, आणि खरं सांगते, नव्या आरशांच्या कंपन्या काचेलाच हलका गुलाबी रंग देतात. तेव्हा मला हे ठाऊक असतं तर मी जरा कमी घाबरले असते. फार नाही, जरा.

मग वैशू आली. पेठेतलीच मुलगी, उंब्रजला द्यायची ठरलेली, लग्न उंब्रजच्या कार्यालयात. तिनं आमच्याकडं फेशियल केलं, मोरांच्या आरशात स्वतःला बघितलं आणि हट्टच धरला. लग्नाच्या दिवशी मेकअपला मावशीच पाहिजे आणि तोच आरसा पाहिजे. मावशीचं हे पहिलं नवरीचं काम. ते साधलं तर उंब्रज-कराडकडची लग्नं सुरू होणार होती. फसलं तर पेठेत तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि माझी पिशवी कुठं जाणार हे ठरलेलंच होतं.

एसटीत मी आरसा मांडीवर घेऊन बसले, मोरांना दोन्ही हातांनी धरून. शेजारी हौसाबाई. नवरदेवाचं बाशिंग त्यांचंच होतं आणि बांधायलाही त्या स्वतः जायच्या, "न्हाईतर ही माणसं टोपी घातल्यागत घालत्यात." प्रत्येक गतिरोधकाला मी डोळे मिटायची. मागच्या सीटवरचा एक म्हातारा वाटभर माझ्या मांडीवरच्या आरशात बघून मिशा सारख्या करत होता. उतरताना त्यानं मावशीला विचारलं, "माजा रंग एवडा उजाळला कवा?"

लग्न लागलं. जेवणावळी उठल्या. मी आरसा फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात ठेवला आणि आता सगळं सुखरूप झालं म्हणून पहिली जिलबी तोंडात घातली. तेवढ्यात सूनमुखाची वेळ झाली. म्हणजे सासूनं सुनेला शेजारी बसवून तिचं तोंड आधी आरशात बघायचं आणि मग साखर भरवायची. त्यांच्या घरचा चांदीच्या मुठीचा आरसा ट्रंकेत होता, ट्रंकेची किल्ली थोरल्या दिरांकडं होती, आणि थोरले दीर पाहुण्यांना गाडीत बसवायला हायवेला गेले होते. वैशूच मोठ्या अभिमानानं म्हणाली, "पार्लरचा आहे की. लय छान आहे तो."

मी उरलेली जिलबी पानात टाकून आरशाकडं धावले.

सासूबाईंना सगळे आक्का म्हणायचे. धिप्पाड बाई, नऊवारी, आवाज असा की मंडपातली पोरं आपोआप रांगेत उभी राहायची. आक्का पाटावर बसल्या, वैशू शेजारी. समोर चौरंगावर आरसा उभा केला, आणि मी मागून तो धरून बसले. आणि मग शूटिंगवाल्यानं हॅलोजनचा दिवा लावला.

तो दिवा आरशाच्या अगदी अंगावर होता. पाच मिनिटांत काच तापली. मी एका बोटानं फडक्याची शिवण उसवून आत बघितलं तर कडेची खळ सुकून तडकत होती आणि बेगडाचं वरचं टोक पिंपळपानासारखं हळूहळू काचेपासून सुटून मागं वाकत होतं. खळ मीच केली होती. हौसाबाईंनी दाट कर म्हटलं होतं, मी पीठ वाचवलं होतं. माझे हात चौकटीत अडकलेले, सोडले तर आरसा पालथा. मी मावशीकडं बघितलं, ती समोर नवरीचा पदर सारखा करत होती. मग मी हौसाबाईंकडं बघितलं. त्यांनी माझं तोंड बघितलं, आणि काही न विचारता सुपारी थुंकून आल्या, माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या, फडक्यात हात घातला आणि उजवा तळहात बेगडावर सपाट दाबून धरला.

"हूं," त्या पुटपुटल्या. "तवाच हाय की गं हा."

आक्कांनी आरशात बघितलं. सुनेचं तोंड सोन्याचं. वैशूच्या नाकातली नथ, कपाळावरचं कुंकू, सगळं पिवळ्या उजेडात न्हालेलं. आक्कांचा तो दांडगा आवाज एकदम मऊ झाला. "लक्ष्मी आली गं माझ्या घरात," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरले. हे एवढ्यावर संपलं असतं. पण शूटिंगवाला ओरडला, "आक्का, परत एकदा! कॅसेट बदलतो!" आक्का परत रडल्या. मग त्या म्हणाल्या, "जावंला बघू द्या." जाऊ आली. तिच्या मागं नणंदा आल्या. मग आत्या, मग मामी, मग बायकांची रांगच लागली. प्रत्येकजण सुनेशेजारी वाकायची, सुनेला बघायची, आणि मग सुनेपेक्षा जास्त वेळ स्वतःलाच बघायची. कुणी पदर सारखा करायची, कुणी हळूच परत रांगेत लागायची. दिवा पेटलेलाच. हौसाबाईंच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"आत्या, हात काडा," मी कुजबुजले.

"गप. रांग किती ऱ्हायलीय बघ."

"लय हायत."

"मग बघू नगं."

शेवटी आक्का परत आल्या आणि म्हणाल्या, "हा आरसा आता हितंच ऱ्हाईल. माझ्या देव्हाऱ्यापाशी लावणार. पार्लरवाल्या बाई, तुम्हाला दुसरा नवा घेऊन देते." मावशी हात जोडून म्हणाली, "तुमचाच आहे, आक्का." तिला बिचारीला मागचं काही दिसतच नव्हतं. दोन पुरुष आरसा उचलायला पुढं आले. मला कळलं की आता बोललं नाही तर हा आरसा देव्हाऱ्यापाशी जाईल, रोज त्याची पूजा होईल, आणि एका दिवशी आरतीच्या वेळी बेगड खाली पडेल. मी बोलायला तोंड उघडलं. "आक्का, त्ये सोनं न्हाई..." एवढंच आलं बाहेर.

कारण त्याच वेळी एकानं आरसा उचलला, फडकं टरकन फाटलं, आणि बेगड हौसाबाईंच्या तळहाताला चिकटून अख्खंच्या अख्खं निघून आलं. आक्का अजून आरशात बघत होत्या. त्यांना मोरांच्या मधल्या आरपार काचेतून हौसाबाईंचं तोंड दिसलं. घामानं भिजलेलं, कुंकू पुसलेलं, अगदी समोर.

"आगं बया! ही कोण?"

हौसाबाईंनी तोंड हलवलं नाही. "मी बाशिंगवाली. तुमी सुनंकडं बघा, आक्का. माज्याकडं काय बघायचं?"

रांगेतल्या बायका होत्या तिथंच थबकल्या. शूटिंगवाला तेवढा दिवा घेऊन आणखी जवळ आला. हायवेवरून परतलेले थोरले दीर किल्ली हातात घेऊन म्हणाले, "हे काय थेर चाललंय? सूनमुखाला फसवणूक? आपशकुन हाय हा." मावशीनं माझ्याकडं बघितलं. ती काय बोलणार ते मला माहीत होतं. माझी पिशवी मला डोळ्यांपुढं दिसली.

"तिच्याकडं बघू नगा," हौसाबाई म्हणाल्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "बेगड म्या लावलं, खळ म्या केली. पातळ झाली. ह्या दोगींना कायबी ठाव न्हाई. काय बोलायचं त्ये मला बोला." आणि त्यांनी शपथ घ्यावी तसा उजवा हात वर केला. तळहात अख्खा सोनेरी होता. हॅलोजनच्या उजेडात तो असा चमकला की पुढची दोन पोरं चक्क हात जोडून उभी राहिली.

आधी आक्काच हसल्या. पोटातून, हौसाबाईंसारखंच. "आवं, मी एक सून आणायला बसले आन् आरशातनं दोन निघाल्या!" त्या इतक्या हसल्या की त्यांना वैशूनं धरावं लागलं. मग बायका हसल्या, मग भटजी. दीर मात्र हसले नाहीत. पुढं त्यांच्या भावकीतलं एकही बाशिंग हौसाबाईंकडं आलं नाही. चार गावांचं काम होतं ते. मावशीकडं मात्र उंब्रजच्या नवऱ्या येत राहिल्या. आक्कांनीच पाठवल्या. येताना प्रत्येकजण विचारायची, "तो आरसा कुठाय?"

परतीच्या एसटीत बेगड सोलून काढलं तेव्हा खाली तळहाताला फोड आले होते. मी पाण्यात बुडवलेला रुमाल बांधला. मी म्हटलं, "आत्या, खळ मी केली हुती. तुमी खोटं का बोललासा?"

"मला कोण घालवून देणार हाय? मी माज्याच घरात ऱ्हाती." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुज्या मावशीचं काय चुकलं न्हाई. पर तू परत गेली असतीस तर माज्याकडं दुपारचं कोण आलं असतं?"

त्या सराईत त्यांच्या उजव्या हातानं काम होईना. मग उरलेली बाशिंगं मी केली, त्या शेजारी बसून डाव्या हातानं दाखवायच्या आणि चुकलं की तोच डावा हात माझ्या पाठीत घालायच्या. मावशीनं मला रोज दुपारी जाऊ दिलं. तिला खरं काय ते केव्हा कळलं मला माहीत नाही. एकदा ती नुसतं म्हणाली, "खळ दाट करत जा." आटपाडीच्या गाडीचं नाव मात्र पुन्हा निघालं नाही.

हौसाबाईंच्या घरात आरसा म्हणजे दाराशेजारी भिंतीच्या मातीत रोवलेला एक तुकडा होता, हाताच्या पंजाएवढा. एकदा मी विचारलं, एवढ्याशा आरशात भागतं कसं? त्या म्हणाल्या, "कुकू सरळ लागलं की झालं." मग बाशिंगाचे मणी ओवता ओवता, समोर न बघता, "हजार नवरदेव सजवलं असतील म्या. पर मी हुबी कशी दिसती, डोक्यापासनं पायापातूर, मला ठाव न्हाई. लग्नातबी न्हाई बघितलं. फोटूच न्हाई." मी तिथल्या तिथं म्हटलं, "मी आणीन तुमाला उभा आरसा. मोठ्ठा." त्या म्हणाल्या, "आन. पर मोर नकोत त्याच्याव. मोर लय झालं."

पुढं माझं लग्न झालं, मेंढरांवाल्याशी नव्हे, गलाईच्या धंद्यातल्या माणसाशी. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायला कुठं कुठं पांगली आहेत, आम्ही कोइमतूरला आलो. इथं रोज खऱ्या सोन्याची भट्टी लागते आणि मी शेजारच्या खोलीत पार्लर चालवते. आता गुडघे धरतात, केस रंगवावे लागतात. उभा आरसा मी दोनदा घेतला. एकदा तो रेल्वेत चढवायचा धीर झाला नाही, मला सारखा तो 'टच्च' ऐकू यायचा, म्हणून मुलीला देऊन टाकला. दुसरा माझ्याच पार्लरात लागला. माणूस काळजी करत बसलं की वर्षं कशी जातात हे मला कुणी सांगायला नको.

परवा मावशीच्या नातवानं हौसाबाईंच्या दारात जाऊन मोबाइलवर तोंड दाखवलं. केस पार पांढरे, सुपारी बंद, दातच नाहीत. बोलता बोलता त्या माझ्याकडं न बघता कोपऱ्यातल्या स्वतःच्या चौकोनाकडं बघत होत्या. मी म्हटलं, "आत्या, दिसता का?"

"दिसती की," त्या म्हणाल्या. "पर ह्यातबी गळ्यापातूरच."

आत्या, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल म्हणून इथंच लिहिते. आरसा घेतला आहे, तुमच्या उंचीपेक्षा वीतभर जास्त, चौकट साधी, मोर नाहीत. तो कुणाबरोबर पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येणार आहे, गाडीत मांडीवर आडवा धरून, गतिरोधकाला डोळे मिटून. तुमच्या दारासमोर उभा करीन आणि मागून मीच धरीन. तुम्ही हवं तेवढा वेळ बघा, डोक्यापासून पायापर्यंत, परत परत रांगेत लागून बघा. तुमचं बघून होईपर्यंत मी हात काढणार नाही.